साहेब बोलत नाहीये

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत माळनाक्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा पहिले सहा महिने दारात येणारा प्रत्येक माणूस मला ओलांडून आत बघायचा आणि विचारायचा, "मेकॅनिक कधी येणार?" मी म्हणायचे, "आलाय. बोला." मग तो माझ्याकडे, माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे आणि परत माझ्याकडे बघायचा. काही जण "मग येतो" म्हणून जायचे. त्यातले बरेचसे चार दिवसांनी परत यायचे, कारण दुसरा मेकॅनिक थेट कोल्हापूरला होता.

येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असायची. आवाज येत नाही. आज कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळी घरात कॉम्प्युटर आला म्हणजे आधी सगळ्या आळीला तो ऐकवायचा असायचा. त्यावर हिशेब होतात, पत्रं लिहिता येतात, हे सगळं मागाहून. सीडी घातली, गाणं वाजलं, की कॉम्प्युटर आला. गाणं वाजलं नाही, की बिघडला. मग बाकी सगळं यंत्र ठणठणीत का असेना.

आवाज दुरुस्त करणं म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगते. आवाजाचा एक रस्ता असतो. आतल्या प्रोग्रॅमकडून निघायचं, ड्रायव्हर नावाच्या एका दुभाष्याच्या हाती पडायचं, त्याने साउंड कार्डाला त्याच्या भाषेत समजवायचं, कार्डातून वायरीत, वायरीतून स्पीकरात. ह्या रस्त्यात कुठेतरी दरड कोसळलेली असते. ती शोधायची. नवखा मेकॅनिक आतून सुरुवात करतो, मुरलेला बाहेरून. स्पीकरचं बटण चालू आहे का? प्लग भिंतीत आहे का? वायर मागच्या हिरव्या भोकात आहे, की शेजारच्या गुलाबी? पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या कर्ण्यावर कोणी चुकून फुली तर मारली नाही ना? माझी निम्मी कामं इथेच संपायची. अशा वेळी मी उगाच दहा मिनिटं मागच्या बाजूला खुडबुड करायचे. एका सेकंदात झालं असं दिसलं तर मालकाला फार वाईट वाटतं.

लांज्याचे एक काजूवाले गृहस्थ एस.टी.ने आले होते, लुगड्यात गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन. "ह्येचा आवाज गेलाय. वायच बघा." मी विचारलं, "आणि कॉम्प्युटर?" ते म्हणाले, "मग ह्यो काय हाय?" त्यांच्या लेखी तो खालचा डबा म्हणजे टीव्हीखाली ठेवतात तसलं काहीतरी टेबल होतं. त्यांना चहा दिला, खालचा डबा आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले आणि सोबत शेरभर काजूगर. गुहागरच्या एका आगरातल्या घरी स्पीकर उघडला तर आत लाल मुंग्यांनी वारूळ मांडलेलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "तरीच हो, गाणं लागलं की ह्या बाहेर यायच्या. मला वाटलं, आवडतं त्यांना."

हसायला ठीक आहे. पण कोकणात यंत्राचा खरा शत्रू हवा. खाऱ्या दमट वाऱ्याने कार्डाच्या सोनेरी दातांवर हिरवट बुरशी धरायची. खोडरबराने ते दात घासले की मेलेलं कार्ड बोलू लागायचं, हे मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. आणि दुसरा शत्रू म्हणजे ऑक्टोबरची वीज. जाता पाऊस दुपारी कातळावर गडगडायचा आणि टेलिफोनच्या तारेतून वीज थेट घरात उतरायची. इंटरनेटसाठी फोनची वायर कॉम्प्युटरला लावलेली असायची, ती काढायचं कोणाच्या लक्षात राहायचं नाही. एका गडगडाटात माझ्याकडे पंधरा-पंधरा कामं यायची.

अशाच एका ऑक्टोबरात, दोन हजार तीन असावं, दुकानात फोन आला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज वयस्कर आणि संकोचलेला.

"दुरुस्तीवाल्या मंजिरीताई का? मी मयेकर. भाट्याहून बोलत्ये. अगो, आमचा साहेब बोलत नाहीये."

मला वाटलं, घरात कोणी आजारी आहे नि फोन चुकून लागलाय. मी म्हटलं, "काकू, डॉक्टर हवेत का?"

"नाही गो. कॉम्प्युटरमधला साहेब. काल वीज कडाडली तेव्हापासून गप्प आहे. आवाजच नाही."

म्हणजे नेहमीचंच. माझ्यासमोर टेबलावर त्याच विजेने मारलेले नऊ डबे उभे होते. त्यांत एका वकिलाचा होता, एका दवाखान्याचा होता. मी म्हटलं, "काकू, कामं खूप आहेत. दोन दिवसांत येते."

"दोन दिवस," काकू म्हणाल्या. मागे कोणालातरी सांगितल्याचं ऐकू आलं, "दोन दिवसांत येत्ये म्हणत्ये." मग एक पुरुषी आवाज आला, "बरं, बरं." फोन ठेवला.

मी गेले पाचव्या दिवशी. सांगायला लाज वाटते, पण मी मनाशी हिशेब केला होता. आवाजच तर गेलाय, गाणी चार दिवस उशिरा ऐकतील.

घर रस्त्यापासून आत, जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढे नारळीची पाच-सात झाडं. ओसरीच्या टोकाला टेबल, त्यावर कॉम्प्युटर. मॉनिटरवर क्रोशाचं विणलेलं आवरण घातलेलं. टेबलाशी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ ताठ बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. मी आवरण काढलं आणि म्हटलं, "सर, हा बंद ठेवलाय का? मॉनिटरही गेला का विजेत?"

"तो गेला नसावा," ते म्हणाले. "पण मला नक्की सांगता यायचं नाही. तो आम्ही कधी लावतच नाही. त्याचं मला काय काम?"

आणि त्यांनी चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला वळवला. माझ्याकडे नव्हे. माझ्या डाव्या खांद्यावरून थोडं पलीकडे.

मयेकर सर जवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू नेले, दोन वर्षांपूर्वी शेवटचा उजेडही गेला, तरी शिकवणं चालूच होतं. मुंबईत नोकरीला असलेल्या लेकीने कुठून कुठून चौकशी करून एक प्रोग्रॅम आणून दिला होता. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवायचा. कळ दाबली की अक्षर बोलायचा, ओळ संपली की ओळ. पण बोलायचा अस्सल इंग्रजीत, नाकातून. मराठी त्याला येत नसे. म्हणून सर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि तो ते आपल्या पद्धतीने वाचायचा. रत्नागिरीचं 'रॅट्नॅगिरी' करायचा, जांभ्याचं 'जॅम्बा'. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं, साहेब.

मी आजवर शेकडो घरी आवाज दुरुस्त केला होता. आवाज म्हणजे कॉम्प्युटरवरचा साज, असंच मी समजत होते. ह्या घरात आवाज गेला म्हणजे पडदा गेला, कागद गेला, पेन गेलं. मी ह्या माणसाला पाच दिवस पुरत्या अंधारात बसवून ठेवलं होतं.

"सर, मला फोनवर सांगायचंत," मी म्हटलं.

"काय सांगायचं? की मी आंधळा आहे, लवकर ये?" ते शांतपणे म्हणाले. "बघ आता, काय झालंय ते."

मी बाहेरून सुरुवात केली. स्पीकर ठीक. वायर ठीक. डबा उघडला तेव्हा वास आला, जळलेल्या बेकेलाइटचा. फोनची तार जिथे लागते त्या मोडेमचा कोळसा झाला होता आणि तिथून वीज मदरबोर्डावरच्या आवाजाच्या चिपपर्यंत पोचली होती. चिपच्या पाठीवर राईएवढं भोक. बाकी बोर्ड चालू होता हे नशीब.

"चिप गेली, सर. पण वेगळं साउंड कार्ड बसवता येईल. माझ्याकडे दुकानात एक जुनं आहे. त्याचा ड्रायव्हर काही सहज मिळायचा नाही. सोपा उपाय म्हणजे सगळं पुसून नव्याने—"

"फॉरमॅट?" सर खुर्चीतून अर्धे उठले. "नाही. ते करू नकोस."

त्या काळात फॉरमॅट हे आम्हा मेकॅनिक लोकांचं रामबाण औषध होतं. काही सापडेना की सगळं पुसायचं आणि पुन्हा भरायचं. दुखणंही जायचं, रोग्याची आठवणही जायची. पण सरांच्या प्रोग्रॅमला परवानगीची एक फ्लॉपी होती. त्या फ्लॉपीवरून तो तीनदाच बसवता यायचा आणि तिन्ही वेळा वापरून झाल्या होत्या. डबा पुसला असता तर साहेब कायमचाच गेला असता.

"आणि वेळही नाही," काकू आतून येत म्हणाल्या. "दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत संस्थेची माणसं येणार आहेत. ह्यांना जमतंय का बघायला. पेपर काढणं, गुण भरणं, सगळं त्यांच्यासमोर करून दाखवायचंय."

"कायदा माझ्या बाजूने आहे म्हणतात," सर म्हणाले. "डोळे गेले म्हणून काढता येत नाही. पण काढत नाहीत, तर सुचवतात. स्वेच्छानिवृत्ती घ्या, आराम करा. रोज कोणी ना कोणी प्रेमाने सुचवतं."

मी दुकानात जाऊन कार्ड आणलं. कोणाच्या तरी जुन्या डब्यातून काढलेलं होतं, ना खोका ना सीडी. त्यावरच्या चिपचा बारीक कोरलेला नंबर भिंगातून वाचून घेतला, मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तो शोधला, ड्रायव्हर सापडला. नऊ एमबी. आज मोबाइलवर सकाळी येणारे फुलांचे व्हिडिओही त्याहून मोठे असतात. तेव्हा ते उतरवायला दीड तास लागला आणि मग सात फ्लॉप्यांत त्याचे तुकडे करून भरले. स्कूटरवर पर्स छातीशी अडकवून भाट्याचा पूल ओलांडला, ऊन लागून फ्लॉप्या बिघडू नयेत म्हणून.

पाच फ्लॉप्या सुरळीत गेल्या. सहावी करकरली आणि थांबली.

"वाईट आहे का?" सरांनी विचारलं.

"वाईट आहे."

"आवाजावरून कळलं." ते हसले. "जा. मी कुठे जात नाही."

पुन्हा पूल, पुन्हा कॅफे, पुन्हा सहावी. ह्यावेळी मी सहावीच्या दोन करून घेतल्या. परत आले तेव्हा चार वाजले होते. बोर्डावरची मेलेली चिप बंद करून ठेवली, म्हणजे नव्या कार्डाच्या कामात तिची लुडबुड नको. सातवी फ्लॉपी गेली. ड्रायव्हर नसला की पडद्यावर दिसतं ते पिवळं उद्गारचिन्ह नाहीसं झालं. यंत्र बंद करून परत चालू केलं.

सुरू होताना कॉम्प्युटर एक छोटीशी सुरावट वाजवायचा. दिवसातून वीस वेळा ऐकून माझे कान किटलेले असायचे. त्या दिवशी ती ओसरीवर वाजली आणि सरांचे दोन्ही हात टेबलावर सपाट पडले. पाठोपाठ साहेबांनी घसा खाकरल्यासारखं करून आपली ओळख सांगितली. स्वयंपाकघरातून काकूंनी ओरडून विचारलं, "बोलला?"

"बोलला!" सर म्हणाले.

आता नीट वाचतोय का ते बघायला हवं होतं. माझी नेहमीची सवय, चाचणीसाठी शेवटची वापरलेली फाइल उघडायची. मी माउसने ती उघडली. सर म्हणाले, "कुठली उघडलीस? ती नको. दुसरी—" पण साहेबांनी सुरुवात केली होती.

"मॅ-नॅ-नी-या मुख्या-ढॅपिका." एकेक शब्द सावकाश, गोऱ्या उच्चारात. मग, मी आपल्या शाळेत भूगोल शिकवतो. मग, 'प्रॅक्टी'च्या कारणाने. मग, "मॅझा रॅजिनॅमा स्वी-कॅ-रॅवा."

सर कळ दाबून त्याला थांबवू पाहत होते, पण बोटं भलतीकडेच पडली. काकू दारात आल्या होत्या, हातात पोह्यांची बशी.

"अहो, हा काय वाचतोय?"

"काही नाही. जुनं काहीतरी."

"रॅजिनॅमा म्हणजे राजीनामाच ना?"

मी मान खाली घातली. ते पत्र त्यांनी त्या पाच दिवसांतच लिहिलं होतं. आवाज नसताना, कळा मोजून मोजून, काय उमटतंय हे ठाऊक नसताना. घरात दुसरं कोणी बघण्याचा प्रश्नच नव्हता, मॉनिटर क्रोशाखाली बंद होता.

काकूंनी बशी टेबलावर ठेवली. "मंजू, परत लाव गो ते. पहिल्यापासून."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते मला कळलं नाही. मी लावलं. साहेबांनी पुन्हा सगळं पत्र तसंच निर्विकारपणे वाचलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"शाळेचं नाव चुकलंय," त्या म्हणाल्या. "प्रकृतीचं काहीतरी भलतंच झालंय. तारीख गेल्या वर्षीची. सव्वीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारल्यात ना? आणि हे असलं पत्र तुम्ही शाळेत देणार होतात?"

"मला ऐकू येत नव्हतं, काय लिहितोय ते."

"मग जे ऐकू येत नव्हतं ते लिहिलंत कशाला?"

काकूंचा आवाज फुटला तो इथे. त्या झटकन आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, काही काम नसताना भांडी हलवली की येतो तसा. सरांनी कीबोर्ड जवळ ओढला, बोटांनी कडा चाचपली आणि दोन-तीन कळा दाबल्या. पडदा पांढरा झाला. त्यांनी बाण दाबून खात्री केली.

"ब्लँक," साहेब म्हणाले.

पोहे गार झाले होते. आम्ही दोघांनी ते खाल्ले. निघताना मला एक गोष्ट सुचली, तिचा मला आजही अभिमान आहे. डब्याच्या मागची भोकं रंगांनी ओळखायची असतात, हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं. सरांना रंगाचा काय उपयोग? मी पर्समधली नखांची पॉलिश काढली, हिरव्या भोकाशेजारी एक जाड थेंब सोडला, वाळल्यावर त्यावर दुसरा. सरांचं बोट त्यावर ठेवलं. पुढे वायर निघाली की ते स्वतः लावू लागले.

सुट्टी संपली. ठरलेल्या दिवशी आम्ही रिक्षातून कॉम्प्युटर शाळेत नेला. सर पुढे डबा मांडीवर घेऊन, मागे मी, काकू आणि मधे मॉनिटर, कारण पाहुण्यांना तरी दिसायला हवं. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, पण घाबरलेल्या. संस्थेचे कार्यवाह आणि आणखी दोघे कोचावर बसले. सरांनी वायरी स्वतः लावल्या. सुरू केलं तर साहेबांच्या बोलण्यावर घर्र घर्र असा मोठा आवाज. कार्यवाहांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, कार्ड गेलं की काय.

सरांनी मान थोडी तिरकी केली. "कार्ड नाही गेलं. इथे अर्थिंग नाही, मंजू. ऑफिसच्या बोर्डावर लाव."

मी लांब वायर टाकून ऑफिसातून वीज घेतली. घरघर थांबली. मी दुरुस्तीवाली होते आणि ते मला सांगत होते. दोन आठवड्यांत त्या माणसाने आवाजाची सगळी दुखणी कानाने पाठ केली होती.

सरांनी पाच प्रश्नांचा पेपर काढला, इंग्रजी अक्षरांत. शेजारी बसलेल्या क्लार्कने तो बघून बघून देवनागरीत उतरवला. मग कार्यवाहांनी एका वर्गाचे गुण वाचून दाखवले, सर भरत गेले, साहेब प्रत्येक आकडा उच्चारत गेले. बेरजा झाल्या, सरासरी झाली. कार्यवाह मागे रेलले.

"ठीक. पण मयेकर, उत्तरपत्रिका? त्या तर हाताने लिहिलेल्या. त्या तुमचं यंत्र वाचणार नाही."

"त्या आमची ही वाचते," सर म्हणाले. "मी ऐकतो, गुण सांगतो."

"म्हणजे गुण तुमच्या मिसेसच देतात असं समजायचं का?"

बाईंनी टेबलावरची पिन उचलली आणि परत ठेवली. हाच प्रश्न घेऊन ते आले होते हे सगळ्यांना कळलं.

काकू मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, बसूनच म्हणाल्या, "मला भूगोल कळत नाही हो. कळला असता तर वाचताना मधे मधे बोलले असते. गेल्या खेपेला एका मुलीने सह्याद्री राजापूरच्या समुद्रात नेऊन ठेवला, तोही मी तसाच वाचला. ह्यांनी शून्य दिलं. मी म्हटलं, अक्षर किती सुंदर आहे, अर्धा तरी द्या. नाही दिला."

कार्यवाहांच्या शेजारचे गृहस्थ आधी हसले. मग कार्यवाहही हसले, थोडे नाइलाजाने. चहा आला. निर्णय पत्राने कळवू म्हणून ते निघाले.

ते गेल्यावर आम्ही वायरी गुंडाळत होतो. काकू रिक्षा बघायला बाहेर गेल्या होत्या. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं. "सर, मी दोन दिवस म्हटलं होतं नि आलेच नाही. परत एक फोन का नाही केलात?"

ते वायर गुंडाळत राहिले. "तूच म्हणालीस ना, कामं खूप आहेत. मला वाटलं, माझं त्यात धरण्यासारखं नसेल. त्या दिवसांत मला सगळ्याच बाबतीत तसं वाटत होतं. त्यात तुझा काय दोष?"

दोष होता. ते मोठ्या मनाचे होते म्हणून तो नाहीसा होत नाही. त्या दिवसापासून दुकानात फोन आला नि समोरच्याने "आवाज येत नाही" म्हटलं, की मी आधी विचारू लागले, आवाज कशासाठी लागतो तुम्हाला? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटायचा. बहुतेक जण म्हणायचे, गाण्यांसाठी. एकदा मंडणगडहून एका बाईंनी सांगितलं, नवरा बोटीवर आहे, बंदराला लागला की कॉम्प्युटरवरून बोलतो, उद्या लागणार आहे. मी पहिली एस.टी. धरून मंडणगडला गेले. माइकची वायर उंदराने कुरतडली होती. पाच मिनिटांचं काम, जाऊन-येऊन अख्खा दिवस.

आता घरोघरचे ते डबे गेले. हातातला मोबाइल बोलतो, आणि मराठीतही बरा बोलतो. बिघडला तर कोणी उघडत नाही, नवा घेतात. चार वर्षांपूर्वी मी दुकान बंद केलं. खोडरबर, भिंग आणि फ्लॉप्यांचा एक डबा तेवढा घरी आणला. आवाजाचा बिघाड म्हणून कोणी मला आता फोन करत नाही. कान मात्र अजून तसेच आहेत. कोणाच्या घरी गेले की टीव्हीच्या मागची घरघर आधी ऐकू येते.

संस्थेचं पत्र आलं ते शाळेतल्या त्या दिवसानंतर तीन आठवड्यांनी. मयेकर सरांनी काम चालू ठेवावं, दर वर्षी आढावा घेतला जाईल. आढावा एकदाच झाला, मग सगळे विसरले. सर पुरी नोकरी करून, वयाप्रमाणे निवृत्त झाले.

पण मला आठवते ती त्याच शालेय वर्षातली, जानेवारीतली एक सकाळ. शाळेच्या ऑफिसातला प्रिंटर अडला होता म्हणून मी गेले होते. वऱ्हांड्यातून जाताना सातवीच्या वर्गातून सरांचा आवाज आला. खिडकीशी थांबले. सर फळ्यावर जिल्ह्याचा किनारा काढत होते. डाव्या हाताने फळ्याची चौकट धरलेली, उजव्या हातात खडू. बाणकोटची खाडी काढली, तिच्या खाली, आत मंडणगड. हर्णेचं टोक बाहेर काढलं. दाभोळला रेघ आत वळवली. मुलं गप्प बसून बघत होती. हा माणूस न बघता हे कसं काढतो, ह्याचं नवल त्यांचं अजून संपलं नव्हतं.

गुहागरपाशी सर थांबले. हात हवेतच. कोणी काही बोललं नव्हतं.

"खडू वाजत नाहीये," ते म्हणाले. "फळा ओला राहिलाय का इथे?"

"हो सर," चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. "फडकं ओलं होतं."

सरांनी खिशातून रुमाल काढला, तो भाग पुसला, तळहात टेकवून कोरडा झाल्याची खात्री करून घेतली. खडू पुन्हा टेकवला. रेघ उठली, वाजली. गुहागरहून खाली ती जयगडच्या खाडीकडे निघाली. मी तिथे आणखी थोडी उभी राहिले आणि मग प्रिंटरकडे गेले.